कंपायलर विचारतो तेव्हा

नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलच्या एका प्रतीत कुणीतरी चोरून दोन ओळी घातल्या. कर्नलचा मूळ कोड तेव्हा बिटकीपर नावाच्या प्रणालीत ठेवला जाई आणि ज्यांना बिटकीपर नको असे त्यांच्यासाठी सीव्हीएसमध्ये त्याची एक प्रत असे. घुसखोर शिरला तो या प्रतीच्या सर्व्हरमध्ये. त्याच्या ओळी वरवर अगदी साध्या दिसत होत्या. एका सिस्टिम कॉलला अमुक दोन पर्याय एकत्र दिले असतील आणि बोलावणाऱ्याचा युजर आयडी शून्य असेल तर चूक परतवा, असं काहीसं त्या सांगत होत्या. पण 'शून्य आहे का' हे विचारायला सी भाषेत बरोबरची दोन चिन्हं लागतात. तिथे एकच होतं. एक चिन्ह म्हणजे तुलना नव्हे, नेमणूक. ते दोन पर्याय देणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामचा युजर आयडी त्या ओळीवर शून्य झाला असता, आणि युनिक्सच्या जगात शून्य म्हणजे रूट, सगळ्या यंत्राचा धनी.

अटीच्या जागी नेमणूक दिसली की जीसीसी कंपायलर एरवी वॉर्निंग देतो. इथे ती मिळाली नसती, कारण नेमणूक कंसात होती. कंसातली नेमणूक प्रोग्रामरने जाणूनबुजून केली आहे असं समजून गप्प राहायचं, हा त्या कंपायलरचा नियम आहे. सीव्हीएसमधल्या या बदलाची बिटकीपरमध्ये नोंदच नाही, हे बिटकीपरचे कर्ते लॅरी मॅकव्हॉय यांच्या ध्यानात आलं आणि मूळ कर्नलला स्पर्श होण्याआधीच त्या ओळी उघड्या पडल्या.

या पुस्तकाचा सगळा विषय मला त्या कंसात दिसतो. कंपायलर विचारतो, 'हे तुला खरंच असंच म्हणायचंय का?' कंस घालणारा म्हणतो, 'हो.' ते 'हो' विचार करून आलंय, कंटाळून आलंय की वाईट हेतूने, हे कंपायलरला कळण्याचा मार्ग नाही. वॉर्निंग घालवायला बहुतेक वेळा एकच ओळ बदलावी लागते. ती ओळ प्रामाणिक उत्तर आहे की नुसतं तोंड बंद करणं, हे फक्त भोवतालचा कोड समजून घेणारा माणूस सांगू शकतो. कर्नलमधल्या वॉर्निंगा दुरुस्त करण्याचं काम हलकं, नवशिक्यांचं, साफसफाईचं मानलं जातं. ते वाचनाचं काम आहे, आणि अवघड वाचनाचं आहे, असं मी मानतो.

आपल्याकडच्या कितीतरी अभियंत्यांची सी भाषेशी ओळख कॉलेजच्या प्रयोगशाळेत, टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर झाली. तिथे एक वाक्य हमखास कानावर पडायचं : 'फक्त वॉर्निंग आहे, एरर नाही. चालव.' प्रोग्राम चालायचा, जर्नलवर सही व्हायची. त्या वाक्यात चूक एवढीच की एरर आणि वॉर्निंग यांत कमी-जास्त गांभीर्याचा फरक आहे, असं ते शिकवतं. फरक वेगळाच आहे. एरर म्हणजे भाषेचा नियम मोडला. कंपायलरला पुढे जाताच येत नाही. वॉर्निंग म्हणजे नियम पाळलाय, कोड तयारही होईल, पण लिहिणाऱ्याच्या मनात जे होतं तेच कागदावर उतरलंय याची कंपायलरला खात्री नाही. एरर यंत्राच्या आकलनाविषयी असते, वॉर्निंग माणसाच्या हेतूविषयी. म्हणून एरर कुणीही दुरुस्त करू शकतो. वॉर्निंगसाठी आधी हेतू शोधावा लागतो.

सी भाषा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवली, तेव्हा यंत्रं छोटी होती आणि कंपायलरही छोटा ठेवावा लागे. शंका काढण्याचं काम म्हणूनच स्टीफन जॉन्सन यांनी लिंट नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवलं. पुढे यंत्रं मोठी झाली, कंपायलर शहाणे झाले आणि लिंटच्या बऱ्याच शंका त्यांनी स्वतःच विचारायला सुरुवात केली. जीसीसी आणि क्लँग या दोघांच्या शंकांची यादी दर आवृत्तीला वाढते. गेल्या वर्षी मुकाट पार झालेली ओळ यंदा वॉर्निंग देते. ओळ तीच असते.

कर्नलमध्ये याला वेगळं वजन येतं. मेमरी कुणाला किती द्यायची, कुठला प्रोग्राम कधी चालवायचा, डिस्कवर काय लिहायचं, नेटवर्कवरून आलेला तुकडा कुणाकडे पोहोचवायचा, हे सगळं कर्नल पाहतो. खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही लिनक्सचाच कर्नल आहे. साधा प्रोग्राम कोसळला तर कर्नल त्याला आवरतो. कर्नल कोसळला तर त्याला आवरणारं साधारणपणे कुणी नसतं. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत सुरू केलेला हा कोड २०२० च्या सुमारास पावणेतीन कोटी ओळींच्या घरात गेला होता. त्यातला मोठा भाग ड्रायव्हरांचा. ते लिहिणारे कुठल्या कुठे पांगलेले, आणि कित्येकदा ते उपकरण आता विकतही मिळत नाही.

आता एक उदाहरण सावकाश पाहू. समजा, एका ड्रायव्हरमध्ये जोडलेल्या सेन्सरांची यादी आहे. एक फंक्शन यादीवरून लूप फिरवतं, प्रत्येक सेन्सर चालू करतं, निकाल 'रेट' नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतं आणि शेवटी तो परत करतं. कंपायलर म्हणतो, 'रेट'ला किंमत न देताच वापरलं जाण्याची शक्यता आहे. बरोबर आहे : यादी रिकामी असेल तर लूप एकदाही फिरणार नाही आणि स्टॅकवर आधीपासून पडलेला कसलातरी कचरा निकाल म्हणून परत जाईल. उपाय सोपा वाटतो. सुरुवातीलाच 'रेट'मध्ये शून्य ठेवा. वॉर्निंग गेली. पण कर्नलमध्ये शून्य म्हणजे यश. एकही सेन्सर नसताना 'सगळं ठीक झालं' असं आपण आता बोलावणाऱ्याला सांगतोय. कदाचित तेच बरोबर असेल. कदाचित बोलावणारं फंक्शन त्या यशावर विसंबून नसलेल्या सेन्सरकडून तापमान वाचायला जाईल. मग शून्याऐवजी 'असं उपकरण नाही' हा ऋण आकडा हवा. वॉर्निंग तर त्यानेही जाते. किंवा रिकामी यादी इथवर येऊच शकत नाही, कारण तीन फंक्शनं आधी तिची तपासणी झालेली आहे, आणि कंपायलरला तेवढं लांबचं दिसत नाही. तीन उत्तरं, तिन्हींनी कंपायलर सारखाच समाधानी. खरं उत्तर मिळवायला या फंक्शनला कोण कोण बोलावतं ते पाहावं लागतं, गिटच्या इतिहासात ही ओळ कधी आणि का आली ते शोधावं लागतं, जमलं तर उपकरणाची डेटाशीट उघडावी लागते. एका ओळीच्या बदलासाठी अख्खी दुपार जाते. जायलाच हवी.

याहून फसवा प्रकार चिन्हाचा. एखादं फंक्शन बिघाड झाला की ऋण आकडा परत करतं. तो ज्या व्हेरिएबलमध्ये घेतला, ते चुकून अनसाइन्ड, म्हणजे ऋण आकडे न मानणारं, जाहीर केलेलं असतं. पुढे 'शून्यापेक्षा कमी आहे का' अशी तपासणी आहे. कंपायलर सांगतो, ही अट कधीच खरी होणार नाही. घाईतला माणूस म्हणतो, मग ती कशाला ठेवायची, आणि तपासणी उडवतो. वॉर्निंग जाते, त्याबरोबर बिघाड ओळखण्याची शेवटची खूणही जाते. खरी दुरुस्ती व्हेरिएबलचा प्रकार बदलण्यात होती. मूळ प्रोग्रामरने तपासणी लिहिली, यावरूनच त्याचा हेतू उघड होता.

तोंड बंद करण्याची सोय कर्नलने स्वतःही बरीच वर्षं बाळगली होती. किंमत न दिलेल्या व्हेरिएबलची वॉर्निंग खोटी आहे अशी खात्री असेल, तर एक खास मॅक्रो लावायची मुभा होती. त्याचा अर्थ इतकाच की व्हेरिएबलला त्याचीच किंमत द्यायची, क्ष बरोबर क्ष. त्यातून काहीच घडत नाही, कंपायलर मात्र शांत होतो. लावला त्या दिवशी मॅक्रो कदाचित योग्यच असेल. पण कोड स्थिर राहत नाही. पाच वर्षांनी कुणी त्या फंक्शनमध्ये नवी वाट काढतं, तिथे खरोखरच किंमत दिलेली नसते आणि कंपायलरला बोलायची बंदी असते. २०२० मध्ये कीस कुक यांनी हा मॅक्रो कर्नलमधून पुरता काढून टाकला. त्याच वर्षी टोरवाल्ड्स यांनी 'कदाचित किंमत दिलेली नसेल' ही जीसीसीची वॉर्निंग नेहमीच्या बिल्डमधून बंद केली, कारण नव्या आवृत्तीत तिचे अंदाज फार चुकू लागले होते. हे दोन निर्णय एकमेकांच्या विरुद्ध वाटतील. मला ते एकाच समजुतीतून आलेले वाटतात. चुकीची शंका वारंवार काढणारं साधन सर्वांसाठी उघडपणे, एका ठिकाणी, कारण देऊन बंद केलं तर ते नंतर कुणालाही सापडतं आणि पुन्हा चालू करता येतं. हजार फंक्शनांत विखुरलेलं मौन सापडत नाही.

विचार न करता गप्प करण्याची किंमत काय असू शकते, याचं सर्वांत बोलकं उदाहरण कर्नलच्या बाहेरचं आहे, आणि तिथली तक्रार कंपायलरची नव्हती, व्हॅलग्राइंड नावाच्या तपासनिसाची होती. २००६ मध्ये डेबियनच्या ओपन एसएसएलमधून, किंमत न दिलेली मेमरी वापरली जातेय ही तक्रार थांबवण्यासाठी दोन ठिकाणची ओळ काढण्यात आली. त्यातली एक ओळ यादृच्छिक आकड्यांच्या साठ्यात बाहेरून येणारी सगळी अनिश्चितता मिसळत होती. ती गेल्यावर गुप्त किल्ल्या तयार होताना बदलता उरला तो मुख्यत्वे प्रोसेसचा क्रमांक, आणि तो असतो जेमतेम ३२,७६८ पर्यंत. मे २००८ मध्ये हे उघड होईपर्यंत जगभरच्या सर्व्हरांवर अशा किल्ल्या बसल्या होत्या. ओळ काढणाऱ्याचा हेतू चांगला होता, काढण्यापूर्वी विचारणाही झाली होती. तक्रार अगदी थांबली.

उलट, धीराने केलेलं काम कसं दिसतं हे 'फॉलथ्रू'च्या प्रकरणात पाहायला मिळतं. सी भाषेतल्या स्विचमध्ये एका केसच्या शेवटी 'ब्रेक' लिहिला नाही तर प्रोग्राम सरळ पुढच्या केसमध्ये घसरतो. कधी हे हवं असतं, कधी ती विसरभोळेपणाची चूक असते, आणि कोडकडे पाहून दोन्ही अगदी सारखी दिसतात. २०१७ मध्ये आलेल्या जीसीसी ७ ने यावर वॉर्निंग द्यायला सुरुवात केली. कर्नलमध्ये अशा दोन हजारांहून अधिक जागा निघाल्या. गुस्तावो सिल्व्हा यांनी आणि त्यांच्यासोबत अनेकांनी त्या एकेक करून वाचल्या. इथे घसरणं मुद्दाम आहे की राहून गेलंय? मुद्दाम असेल तर तशी खूण करायची, राहून गेलं असेल तर 'ब्रेक' घालायचा. बहुतेक ठिकाणी घसरणं हेतुपूर्वकच निघालं. पण वर्षानुवर्षं लपलेले खरे बगही त्यात सापडले, आणि ते सापडण्यासाठी बाकीच्या निरपराध जागांतून जावंच लागलं. २०१९ मध्ये, ५.३ आवृत्तीत, ही वॉर्निंग सगळ्या कर्नलसाठी कायमची चालू झाली. सुरुवातीला खूण म्हणून कॉमेंट लिहिली जाई. क्लँग कॉमेंट जुमानत नाही म्हणून नंतर 'फॉलथ्रू' असा शब्दच कोडमध्ये आला. म्हणजे दोन कंपायलरांच्या मतभेदातून लिहिणाऱ्याचा हेतू कॉमेंटमधून उठून थेट कोडमध्ये बसला. मला या साऱ्या खटाटोपाचं सर्वांत मोठं फळ हेच वाटतं.

स्टॅकवरच्या अनिश्चित लांबीच्या ॲरेंचंही असंच झालं. ६४ बिट इंटेल-एएमडी यंत्रांवर कर्नलच्या प्रत्येक थ्रेडला १६ किलोबाइटचा स्टॅक मिळतो, तोही २०१४ पासून. त्याआधी निम्माच होता. ॲरेची लांबी चालू असताना ठरणार असेल, तर तो स्टॅकच्या कडेबाहेर जाणार नाही याची हमी कंपायलर देऊ शकत नाही. कीस कुक यांच्या पुढाकाराने पुष्कळ जणांनी मिळून हे ॲरे काढले आणि डिसेंबर २०१८ मधल्या ४.२० आवृत्तीपासून त्यांच्यावरची वॉर्निंग सर्वत्र लागू झाली.

प्रत्येक वॉर्निंग घालवण्याचा आग्रह धरायचा तो का, याचं कारण खऱ्या वॉर्निंगमध्ये आहे. बिल्ड करताना पडद्यावरून निरुपयोगी तक्रारींचा लोंढा वाहत असेल, तर त्यातली एक खरी तक्रार कुणीच वाचत नाही. शून्य वॉर्निंगांच्या बिल्डमध्ये एकच आली तरी ती त्याच दिवशी ध्यानात येते. सप्टेंबर २०२१ मध्ये, ५.१५ आवृत्तीच्या तयारीत, टोरवाल्ड्स यांनी एक पाऊल पुढे टाकून प्रत्येक वॉर्निंगला एररचा दर्जा दिला. काही दिवसांतच त्याला मुरड घालावी लागली आणि चाचणीसाठी केलेल्या बिल्डपुरताच तो नियम आपोआप लागू राहिला. कर्नल अनेक प्रोसेसरांवर, अनेक कंपायलरांनी, हजारो पर्यायांच्या वेगवेगळ्या मिश्रणांत बांधला जातो. आपल्या लॅपटॉपवर स्वच्छ निघालेला कोड एखाद्या ३२ बिट यंत्रावर, एखादा पर्याय बंद असताना, न वापरलेल्या फंक्शनची तक्रार करतो. आर्न्ड बर्गमान यांच्यासारखे लोक पर्यायांची चिठ्ठ्या टाकून निवड करावी तशी मिश्रणं बांधून अशा तक्रारी शोधत आले आहेत, आणि आता बरंचसं हे काम स्वयंचलित यंत्रणाही रात्रंदिवस करतात.

कंपायलरवर भिस्त ठेवतानाच त्याची मर्यादाही सांगायला हवी. २००९ मध्ये व्हीपीएनसारख्या कामांसाठी लागणाऱ्या टन या आभासी नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एका पॉइंटरमधून आधी वाचलं जात होतं आणि तो नल आहे का हे त्यानंतरच्या ओळीत तपासलं जात होतं. कंपायलरने भाषेच्या नियमांना धरून तर्क केला : ज्याअर्थी यातून वाचलंय, त्याअर्थी हा नल नाही, मग तपासणी कशाला? त्याने ती उडवून टाकली, आणि एक अवाक्षरही काढलं नाही. शून्य पत्त्यावर स्वतःचं पान बसवण्याची युक्ती साधलेल्या हल्लेखोराला रूटपर्यंतची वाट मोकळी झाली. ब्रॅड स्पेंग्लर यांनी ती करूनही दाखवली. दुरुस्ती म्हणजे दोन ओळींची अदलाबदल. त्यानंतर अशा तपासण्या काढू नकोस असं कर्नलच्या मेकफाइलमध्ये जीसीसीला बजावण्यात आलं. जिथे कंपायलर गप्प असतो तिथे टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये लिहिलेला स्पार्स, किंवा ज्यूलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेलं कॉक्सिनेल यांसारखी साधनं कामी येतात. त्यांच्यासाठी या पुस्तकात स्वतंत्र प्रकरणं आहेत, म्हणून इथे त्यांचा उल्लेखच पुरे.

पॅचबरोबरच्या मजकुराला मी या पुस्तकात मुद्दाम बरीच जागा दिली आहे. वॉर्निंगचा शब्दशः मजकूर, कुठल्या कंपायलरच्या कुठल्या आवृत्तीने कुठल्या पर्यायांसह ती दिली, प्रत्यक्षात ती परिस्थिती उद्भवू शकते का, उद्भवली तर वापरणाऱ्याला काय दिसेल, आणि अनेक उपायांतून हाच का निवडला, एवढं त्यात आलं पाहिजे. ज्या कमिटमुळे चूक शिरली त्याचा उल्लेख 'फिक्सेस' या ओळीत करायचा, म्हणजे जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना दुरुस्ती कुठवर मागे न्यायची ते कळतं. 'वॉर्निंग दुरुस्त केली' एवढंच लिहिलेला पॅच मेंटेनरला काहीच सांगत नाही. तो तपासायला त्याला सगळं वाचन नव्याने करावं लागतं. पुष्कळ नवे लोक कर्नलमध्ये याच दारातून येतात आणि त्यांनी यावं असं मला मनापासून वाटतं, कारण एका वॉर्निंगच्या निमित्ताने ड्रायव्हरचा एक कोपरा इतका बारकाईने वाचला जातो की पुढे तिथे खरं काम करता येतं. पण मोजणी वाढवण्यासाठी डझनांनी पाठवलेले यांत्रिक पॅच मेंटेनरचा वेळ खातात. त्या ढिगात एखादा पॅच तपासणी उडवणारा निघाला, तर नुकसान पदरी पडतं ते वापरणाऱ्याच्या.

डिसेंबर २०२२ मधल्या ६.१ आवृत्तीपासून कर्नलमध्ये रस्ट भाषेला जागा मिळाली आहे आणि वर सांगितलेल्या चुकांतल्या कित्येक रस्टचा कंपायलर होऊच देत नाही. तरी कोट्यवधी ओळींचा सी कोड आहे तिथेच आहे, फोनांत, राउटरांत, रुग्णालयांतल्या यंत्रांत चालतो आहे आणि पुढची बरीच वर्षं चालणार आहे. तो वाचू शकणारी माणसं लागणार आहेत.

वाचकाला सी भाषा येते, लिनक्स वापरण्याची सवय आहे आणि पॉइंटरची भीती गेलेली आहे, इतकंच मी गृहीत धरलं आहे. कर्नलच्या अंतरंगाचं ज्ञान आधीपासून असायला हवं असं नाही. लागेल तिथे ते आलं आहे. सुरुवात करताना संपूर्ण कर्नल बांधू नका. ज्याचं उपकरण तुमच्याजवळ आहे असा एखादा छोटा ड्रायव्हर निवडा, म्हणजे बदल केल्यावर तो चालवून पाहता येईल. तेवढीच एक डिरेक्टरी 'डब्ल्यू=१' हा पर्याय देऊन बांधा; नेहमी दाबून ठेवलेल्या वॉर्निंगा त्याने दिसू लागतात. आलेल्या यादीतली एकच उचला, आणि एडिटरला हात लावण्यापूर्वी ती ओळ लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते दोन वाक्यांत कागदावर लिहा. ती दोन वाक्यं लिहिता येत नसतील तोवर पहिल्या प्रकरणातली इतिहास शोधण्याची पद्धत वापरा. ती तिथे एका खऱ्या ड्रायव्हरवर, ओळीमागून ओळ, करून दाखवली आहे.